चांगदेवच्या पाण्यावर

समुद्र म्हटला की आम्हा भुसावळकरांना रात्रीची रेल्वे आणि पुढे एसटीचे धक्के. मागे एकदा हौसेने कोकणात गेलो. डॉल्फिन दाखवतो म्हणून तिथल्या होडीवाल्याने इंजिन ताणत नुसता पाठलाग केला. पोरांना लांबून एक पाठ दिसली, बाकी सगळा धूर. यंदा नाताळच्या सुट्टीत ठरवलं, आपलंच पाणी बघू. चांगदेव गाठलं.

तापी आणि पूर्णा इथे एकत्र येतात. खाली हतनूर धरण; पावसाळ्यात ज्याचे 41 दरवाजे उघडल्याची बातमी दरवर्षी येते तेच. त्याच्या फुगवट्यामुळे संगमाला ऐसपैस रुंदी आलीये. पलीकडे मेहूणला मुक्ताईचं देऊळ.

होडी वल्ह्यांची. धाकट्याने विचारलं, "काका, इंजिन नाही?"

"इंजिन कशाले रे भाऊ? पाखरं उडून जातीन ना!"

खरंच होतं. काका वल्हं पाण्यातून काढायचे आणि होडी आपली हळूहळू सरकत राहायची. वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचा थवा अगदी जवळ आला तरी हलला नाही. काळे पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. मग काय झालं कोण जाणे, सगळे एकदम पाण्यावरून फटफट धावत सुटले. ह्यांना बदकासारखे सलग पडद्याचे पाय नसतात, प्रत्येक बोटाला सुटी झालर असते. उडण्याआधी एवढी धावाधाव करणारा दुसरा पक्षी मी तरी पाहिला नाही. पुढे तलवार बदकं, थापटे आणि भगव्या रंगाची चक्रवाकांची जोडी दिसली.

पाणी ओसरलं की काठावर गाळपेर होते. तिथल्या हरभऱ्यात पट्टकादंब हंस चरत होते, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. मी कौतुकाने हे सांगायला लागलो तर काका म्हणाले, "येतीन ना, पन शेंडे खुडून खातंत. शेतकऱ्याले इचारा." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सगळ्यात भारी कैकर, म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी. वर घिरट्या घालता घालता थबकला आणि पाय पुढे करून धाडकन पाण्यात! क्षणभर नुसते पंख दिसले. वर आला तो मासा घेऊनच. अंग झटकलं आणि उडता उडता मासा फिरवून त्याचं तोंड पुढे केलं, म्हणजे वाऱ्याचा अडसर कमी. थोरली ओरडली, काकांनी तिला नुसतं डोळ्यांनी गप्प केलं.

काठावर आल्यावर भरीत-पुरी, कांद्याची पात आणि ठेचा. पक्ष्यांपेक्षा ह्याचेच फोटो जास्त निघाले, असो.

जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीत, उजाडता उजाडता. ऊन चढलं की पाणी चमकतं आणि काही दिसत नाही. लाइफ जॅकेट आहे का ते आधी विचारा, आणि मुलांना लाल-पिवळे कपडे घालू नका. थवा उडवून फोटो काढा म्हणणारा सोबती असेल तर त्याला देवळातच बसवून या.