पादुआतली दोनदा पंधरा मिनिटं

जुन्या वाड्यांमधली भित्तिचित्रं जपायची, हे माझं काम. वाई-मेणवलीकडच्या भिंतींवर बोटं फिरवून गिलावा कुठे पोकळ झालाय ते हुडकणारी मी, कामानिमित्त इटलीत गेले आणि एक दिवस पादुआसाठी राखून ठेवला.

तिथल्या स्क्रोवेन्यी चॅपलमध्ये, म्हणजे भित्तिचित्रांनी भरलेल्या छोट्या प्रार्थनाघरात, एकदम आत सोडत नाहीत. आधी काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसायचं. अंगावरची धूळ आणि बाहेरचा दमटपणा चित्रांपर्यंत पोचू नये म्हणून. मग आत मोजून पंधरा मिनिटं. इतकी काळजी घेताना पाहून मला भरून आलं.

इटालियन चित्रकार जोत्तोने ही चित्रं 1305 च्या सुमारास रंगवली. ओल्या चुन्यावर रंग लावायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घट्ट होतो आणि रंग त्यातच कायमचा बसतो. म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा. या एका दिवसाच्या तुकड्याला तिथे ‘जोर्नाता’ म्हणतात. नवा गिलावा आदल्या दिवसाच्या कडेवर किंचित चढतो, त्यामुळे आधी काय रंगवलं हे सातशे वर्षांनीही कळतं. निळ्याचं मात्र तसं नाही. तो ओल्या चुन्यात टिकत नाही, वाळल्यावर चिकटद्रव्यात कालवून लावावा लागतो. येशूजन्माच्या चित्रात मेरीच्या झग्याचा निळा बराचसा झडून गेलाय. आमच्याकडे पोपडे धरतात ते आठवलं, आणि माझी नजर तिथून हलेना.

शेजारच्या एरेमितानी चर्चवर 11 मार्च 1944 ला बॉम्ब पडले. चित्रकार मान्तेन्याच्या तिथल्या बहुतेक भित्तिचित्रांचा चुराडा झाला. गोळा केलेले हजारो तुकडे जुन्या फोटोंच्या आधाराने पुन्हा भिंतीवर बसवलेत, मधल्या जागेत त्या फोटोंचीच कृष्णधवल प्रतिमा ठेवून. न सापडलेलं रंगवून टाकलं नाही, हे मला फार पटलं.

दुपारी पालात्सो देल्ला राजोने या भव्य सभागृहाखालच्या बाजारात पाव-चीज खाल्लं. पेद्रोक्की या कॅफेतली कॉफीही घेतली: वर पुदिन्याची हिरवी साय, त्यावर कोको, आणि ढवळायची नाही. पहिला घोट गार, मग कडू गरम. जिभेवर दोन्ही वेगवेगळे लागतात.

संध्याकाळी चॅपलमध्ये एक जागा उरली होती. पुन्हा तिकीट काढलं, पुन्हा काचेच्या खोलीत बसले. या वेळी चेहरे पाहिले नाहीत, फक्त गिलाव्याचे सांधे पाहिले.