आईचं पित्त आणि पीएच पेपरची पट्टी

आईला सात-आठ वर्षं पित्त आहे हे आमच्या घरात ठरूनच गेलं होतं. दोन घासांत पोट टम्म, करपट ढेकर, म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल, म्हणजे ॲसिड कमी करायची गोळी, आणि ती गोळी मेडिकलमधून मीच आणून द्यायचो, कुणाला न विचारता, याचं आता फार वाईट वाटतं.

यंदा तिच्या पायाला मुंग्या यायला लागल्या, जिना चढताना धाप, जीभ लाल आणि गुळगुळीत. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) 114, म्हणजे जास्त, आणि बी12 पार तळाला. पोटाच्या डॉक्टरांनी गॅस्ट्रिन, म्हणजे पोटातलं एक हार्मोन, तपासायला सांगितलं, ते आलं बाराशेच्या वर, नॉर्मल साधारण शंभरच्या आत असतं. मी रात्री मोबाइलवर शोधत बसलो आणि झोलिंजर-एलिसन सापडला, 1955 साली दोन अमेरिकन सर्जननी सांगितलेला आजार, त्यात गॅस्ट्रिन बनवणारी गाठ असते आणि पोटात ॲसिडचा नुसता पूर. झोपच उडाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नीट समजावलं. गॅस्ट्रिन पोटाला सांगतं की ॲसिड बनव, पुरेसं झालं की गप्प बसतं. पण पोटात ॲसिड बनतच नसेल तर ते सांगतच राहतं, आकडा चढतच जातो. म्हणजे ॲसिड प्रचंड असो नाहीतर शून्य, रिपोर्टमध्ये गॅस्ट्रिन वाढलेलंच, आणि आमच्या त्या गोळीनेही वाढतं! म्हणून आधी त्यांच्या देखरेखीखाली गोळी बंद केली (हे मनाने करू नका हं, खरंच गाठ असेल तर अल्सर फुटू शकतो) आणि मग एंडोस्कोपी. तेव्हाच पोटातला रस ओढून त्यात पीएच पेपर, म्हणजे ॲसिड किती आहे ते रंगावरून दाखवणारी पट्टी, बुडवला. नंतर मला पट्टी दाखवली, हिरवी, 7 च्या आसपास, म्हणजे ॲसिड नाहीच. गाठ असती तर 2 च्या खाली, म्हणजे लाल झाली असती.

आईच्या पोटात ॲसिड नव्हतंच, आणि आम्ही ॲसिड कमी करायची गोळी देत होतो. बायॉप्सीत ॲसिडच्या ग्रंथी सुकलेल्या निघाल्या, अँटिबॉडीज पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरच त्या पेशींवर उलटलेलं, आणि निदान पर्निशियस ॲनिमिया, बी12 शोषलंच न गेल्याने होणारा ॲनिमिया. ज्या पेशी ॲसिड बनवतात त्याच बी12 शोषायला लागणारं प्रोटीनही बनवतात, म्हणून दोन्ही गेलं. तुमच्याकडे कुणी वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी खात असेल आणि हातापायाला मुंग्या येत असतील तर बी12 एकदा बघाच.

इंजेक्शनं चालू आहेत, मुंग्या अजून आहेत पण कमी. काल ती मध्ये न थांबता दोन जिने चढून आली.