रुग्णवाहिकेची यादी मी तीनदा लिहिली

त्या रात्री ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा अर्ध्यावर होता. मी तो निघण्याआधी बघितला होता. ‘अर्धा आहे, पुरेल’ असं म्हणून आम्ही निघालो. रुग्ण साठीच्या पुढचे, न्यूमोनियाने धापा टाकणारे, ओठांवर निळसर छटा. मोठं रुग्णालय ८० मिनिटांवर. मास्कला मिनिटाला १५ लिटरचा प्रवाह लावला होता. पाऊण रस्ताही झाला नव्हता, तेवढ्यात मास्कखालची पिशवी फुगेनाशी झाली. उरलेला रस्ता मी गुडघ्यावर बसून अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीने, त्यांच्या श्वासाला साथ देत काढला. ते वाचले. पण मास्कवरून माझ्याकडे बघणारे त्यांचे डोळे मला अजून आठवतात.

पहाटे परत आल्यावर नोंदवहीच्या मागच्या पानावर मी हिशेब मांडला. सिलिंडर १० लिटर पाणी मावेल एवढ्या मापाचा. पूर्ण भरला तर दाब १५० बार, म्हणजे १५०० लिटर ऑक्सिजन. अर्ध्या काट्याला ७५ बार, म्हणजे ७५० लिटर. मिनिटाला १५ लिटर गेला तर ५० मिनिटं. गुणाकार आणि भागाकार एवढंच गणित, आणि इतकी वर्षं सेवेत असून मी ते निघण्याआधी कधी केलं नव्हतं. गाडी धुता धुता ड्रायव्हरकाका म्हणाले, “सिस्टर, सिलिंडर अर्धा होता, पण रस्ता तर पूर्ण होता ना.”

पुढे नवीन गाडीसाठी निधी मंजूर झाला आणि समितीने साधनांची आणि जागेची मागणी लिहून द्यायला मला सांगितलं. ही मागणी मी तीनदा लिहिली. अशा कामात असलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून ते सगळं इथे मांडते.

पहिली यादी मी पुरवठादारांच्या माहितीपुस्तिका समोर ठेवून केली. व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, मोठा मॉनिटर, शंभराच्या वर वस्तू. समितीतल्या डॉक्टरांनी ती शांतपणे वाचली आणि एकच विचारलं, “यातली कुठली वस्तू कोणत्या रुग्णासाठी आहे, आणि ती चालवणार कोण?” व्हेंटिलेटर चालवायला शिकलेलं आमच्याकडे त्या वेळी कुणीच नव्हतं. मी यादी परत घेतली.

दुसऱ्यांदा नोंदवही उघडून बसले. गेल्या दोन वर्षांतली प्रत्येक फेरी वाचली आणि प्रत्येकीसमोर दोन गोष्टी लिहिल्या: त्या माणसाला वाटेत काय लागलं, आणि तो किती मिनिटं आमच्या हातात होता. दुसरा आकडा मला फार शिकवून गेला. शहरात दहा मिनिटांत दारात पोचणाऱ्या गाडीला जे चालतं, ते आम्हाला चालत नाही. आमच्या गाडीत बाळं जन्मतात. कीटकनाशक पोटात गेलेल्या माणसाचं तोंड लाळेने पुन्हा पुन्हा भरत राहतं आणि ते तासभर साफ करत बसावं लागतं. सर्पदंशात विष मज्जासंस्थेवर चढलं, तर गाडीत घेताना बोलणारा माणूस अर्ध्या रस्त्यात श्वास घ्यायचा थांबतो. शेतातल्या यंत्रात हात गेलेला माणूस असतो. या चार प्रकारच्या रुग्णांना आमच्या लांब रस्त्यावर जे लागतं ते आधी, बाकीचं नंतर, असं मी ठरवलं.

त्यामुळे यादीत वरच्या जागा चढल्या त्या साध्या दिसणाऱ्या वस्तूंना. सक्शन यंत्र, म्हणजे तोंडातली लाळ-रक्त ओढून घेणारं यंत्र, एक नव्हे, दोन: एक विजेवरचं आणि एक हाताने दाबायचं. विजेवरच्या यंत्राची रोज परीक्षा घ्यायची ती अशी: नळी चिमटीत पूर्ण बंद करायची आणि काटा बघायचा. चार सेकंदांत ३०० मिलीमीटर पाऱ्याच्या पुढे गेला तर यंत्र ठीक, नाही तर बॅटरी किंवा झाकणाची रबरी चकती बघायची. अंबू बॅग मोठ्यांची, मुलांची आणि नवजात बाळाची वेगवेगळी, मास्कसकट. नवजात बाळाला जेमतेम पाव लिटरची पिशवी लागते. मोठ्यांची पिशवी त्याच्यावर दाबली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. प्रसूतीचा संच, बाळाला पुसायला कोरडे टॉवेल, टोपी. रक्त थांबवायला दोन टूर्निके, म्हणजे हातापायाला घट्ट आवळायचे पट्टे, आणि ती बांधल्याची वेळ लिहायला पेन. पेन मी मुद्दाम यादीत घातलं, कारण ऐन वेळी ते कधीच सापडत नाही.

ऑक्सिजनसाठी समितीला मी तोच हिशेब दाखवला. आमच्या सगळ्यात लांबच्या वस्तीपासून रुग्णालयापर्यंतची मिनिटं, गुणिले १५ लिटर, वर निम्मा जास्तीचा साठा: पाऊस, पंक्चर आणि रुग्णालयाच्या दारात थांबावं लागलं तर म्हणून. त्यावरून भिंतीला बसवलेले दोन मोठे सिलिंडर आणि हातात उचलून नेता येईल असा एक छोटा, अशी मागणी ठरली. एकाही सदस्याने प्रश्न विचारला नाही.

हृदय बंद पडलेल्यांची पानं वाचताना मात्र मी बराच वेळ थांबले. छातीवर दाब सुरू नसेल, तर शॉक मिळायला लागणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. आमची गाडी काही वस्त्यांवर पोचायलाच ४० मिनिटं लागतात. म्हणजे गाडीतलं यंत्र कितीही चांगलं असलं तरी त्या वस्त्यांना ते उशिराच मिळणार. म्हणून मी लिहिलं की एक एईडी (बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं छोटं यंत्र) गाडीत आणि तीन गाडीबाहेर ठेवा, लांबच्या वस्त्यांत, रात्रीही उघडता येईल अशा जागी, आणि तिथल्या लोकांना छाती दाबायला शिकवा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. रुग्णवाहिकेच्या मागणीत गाडीबाहेरच्या वस्तू कशाला, असं एकाने विचारलं. मी नोंदवहीतली ती पानं त्यांच्यापुढे ठेवली. दोन एईडी मंजूर झाली.

आता गाडीच्या आतल्या रचनेबद्दल. पुरवठादाराने पाठवलेला आराखडा कागदावर छान दिसत होता. गाडी बांधून होण्याआधी आम्ही अंगणात ताडपत्री अंथरली, तिच्यावर खडूने गाडीचं आतलं माप काढलं, मधे स्ट्रेचर ठेवलं, बाजूला खुर्ची मांडली आणि आमची सगळी साधनं आराखड्यात दाखवल्याप्रमाणे खोक्यांवर रचली. मी खुर्चीत बसले आणि ओढणीने स्वतःला खुर्चीला बांधून घेतलं, पट्टा लावलाय असं समजून. मग काका एकेका वस्तूचं नाव घ्यायला लागले. सक्शन: हात पोचेना, पट्टा सोडावा लागला. हातमोजे: रुग्णाच्या पायांच्या वरच्या कप्प्यात, उभं राहावं लागलं. ऑक्सिजनचा प्रवाह कमी-जास्त करायची कळ माझ्या पाठीमागे. टोकदार वस्तूंचा डबा दाराजवळ, म्हणजे वापरलेली सुई हातात धरून मी हलत्या गाडीत तीन पावलं चालणार.

त्या दुपारी आम्ही खोकी बारा-पंधरा वेळा हलवली. रुग्णाच्या डोक्याशी बसणाऱ्याला पट्टा न सोडता श्वासाचं सगळं साहित्य मिळालं पाहिजे, हा एकच नियम धरला आणि त्यावरून कप्पे ठरवले. सिलिंडरचा पाना दोरीने सिलिंडरलाच बांधला. तोही हरवणाऱ्यांतला. नवीन आराखडा पाठवल्यावर गाडी बांधणाऱ्यांनी आधी कुरकुर केली, पण पत्रा कापायच्या आधी कळवलं होतं, त्यामुळे बदल झाला. गाडी तयार झाल्यावर हे जमलं नसतं.

गाडी वाटेपर्यंत जाते, रुग्ण वाटेच्या पलीकडे असतो, हे काकांचं म्हणणं मी जसंच्या तसं यादीत उतरवलं. चाकांचं स्ट्रेचर बांधावरून चालत नाही. म्हणून दोन भागांत सुटणारं स्कूप स्ट्रेचर, जिन्यावरून उतरवायची खुर्ची आणि सहा मुठींची कापडी झोळी. शिवाय कपाळावर बांधायचे दिवे, अंधारात चमकणारी जाकिटं, गमबूट, टोचनाची दोरी, फावडं. एका सदस्याला फावडं वैद्यकीय साधन वाटलं नाही. चिखलात रुतलेल्या गाडीत रुग्ण असतो तेव्हा ते वैद्यकीयच असतं, हे मी त्यांना पटवून दिलं.

इथपर्यंत दुसरी यादी. ती मंजूर झाली, गाडी आली, सगळ्यांना आनंद झाला. पण एका इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत उन्हात उभ्या केलेल्या त्या गाडीत तीन आठवड्यांतच गोष्टी बिघडायला लागल्या. सक्शनची बॅटरी उतरली, कारण जवळ प्लगच नव्हता. एईडीच्या पॅडवरची जेल उन्हाने वाळायचा धोका. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखायला लागणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचं असतं, आणि दुपारी गाडीचं दार उघडलं की आतून भट्टीसारखी हवा यायची. गाडी उभी कुठे राहणार, याचा विचार मी शेवटच्या दोन ओळींत उरकला होता. तिसरी मागणी फक्त त्याबद्दल होती.

१९६५मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला फ्रँक पँट्रिज या हृदयरोगतज्ज्ञांनी पहिल्यांदा डिफिब्रिलेटर, म्हणजे एईडीसारखाच हृदयाला शॉक देणारा संच, रुग्णवाहिकेत बसवला. तो जवळपास ७० किलोचा होता आणि गाडीच्या बॅटऱ्यांवर चालायचा. आता तो हातात मावतो, पण त्याला बॅटरी लागतेच. म्हणून तिसऱ्या मागणीत पहिली ओळ विजेची होती: छपराखाली गाडीजवळच प्लग, आणि वीज गेली तर जनरेटर. गाडी प्लगला जोडलेली असताना स्टिअरिंगवर एक लाल पाटी अडकवायची, ‘वायर काढा’. पाटी काढून खुंटीला लावल्याशिवाय हात स्टिअरिंगवर नीट बसतच नाही, त्यामुळे वायर ओढत गाडी निघाली असं आजवर झालेलं नाही.

बाकी शेडचं मी थोडक्यात सांगते. गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी राहावी. दोन्ही बाजूंची दारं पूर्ण उघडून माणूस फिरू शकेल एवढी रुंदी, वरच्या दिव्यासकट गाडी जाईल एवढी उंची. जमिनीला उतार आणि मोरी, कारण रक्त सांडलेली गाडी घंगाळातल्या पाण्याने साफ होत नाही, पाइप लागतो. रक्त आधी पुसून घ्यायचं, मग ०.५ टक्के क्लोरीनचं द्रावण दहा मिनिटं ठेवायचं, मग साध्या पाण्याने धुवायचं, नाही तर स्ट्रेचरचा धातू गंजतो. खराब कपड्यांना आणि जैविक कचऱ्याला वेगळी खोली. टोकदार वस्तूंचा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. सिलिंडरसाठी हवेशीर कोपरा, साखळीने बांधलेले, आणि त्यांच्याजवळ तेल-ग्रीस अजिबात नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलकट बोटांचा डागही पेट घेऊ शकतो. गाडीची कामं करणाऱ्या काकांना हे मी हात धुवायला लावून सांगितलं, आणि तेव्हापासून तेच नवीन मुलांना सांगतात.

ज्यासाठी मला सर्वांत जास्त भांडावं लागलं ते म्हणजे दोन खाटा आणि एक स्वच्छतागृह. माणसं कुठेही झोपतील, आधी साधनं घ्या, असा सूर होता. मी विचारलं, रात्रपाळीला बाई असेल तर ती कुठे जाणार? फोन वाजल्यावर लांबच्या घरातून येणाऱ्या ड्रायव्हरची मिनिटं रुग्णाच्या मिनिटांत धरायची की नाही? ज्याची सहा तासही झोप झालेली नाही त्याच्या हाती घाटातली गाडी द्यायची का? हे मी चिडून बोलले आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. खोली झाली. स्वच्छतागृहाला आतून कडी आहे.

साठ्याचं एक सूत्र मी सगळ्यांना सांगते. वस्तू मागवल्यापासून हातात यायला किती दिवस लागतात, तेवढ्या दिवसांचा खप आणि वर थोडा, एवढा साठा कपाटात हवा. आम्हाला तीन आठवडे लागतात, मग आठवड्याचा साठा ठेवून काय उपयोग? प्रत्येक बॅगेला नंबर असलेलं प्लास्टिकचं सील लावतो. सील शाबूत असेल तर आतलं रोज मोजायचं नाही, फक्त मुदत संपण्याची सगळ्यात जवळची तारीख बाहेरच्या चिठ्ठीवर बघायची. सील तुटलेलं दिसलं की सगळी बॅग रिकामी करून मोजायची, मग पाळी संपत आली असो वा नसो.

रोज सकाळी आठ वाजता जाणारी आणि येणारी पाळी मिळून ही तपासणी करते. काट्यासमोर आम्ही आता ‘अर्धा’, ‘पाऊण’ असं लिहीत नाही. बार लिहितो, आणि शेजारी मिनिटं. आज सकाळची नोंद पहिल्या सिलिंडरची होती: १३० बार, १५ लिटरला ८६ मिनिटं.

एक मागणी अजून अडलेली आहे. आमची गाडी लांबच्या फेरीला गेली की तीन-चार तास मागे कुणीच नसतं, आणि त्या वेळात आलेला फोन दुसऱ्या सेवेकडे जातो, जिची गाडी आमच्याहूनही लांबून निघते. अशा प्रत्येक फोनची वेळ आणि गाडी पोचल्याची वेळ मी गेल्या चार महिन्यांपासून वेगळ्या वहीत लिहिते आहे. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन जाणार आहे.