वजनकाट्यावरची लबाडी

डाव्या गालाच्या आतल्या बाजूच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा माझे वजन ६८ किलो होते. बँकेत रोखपाल म्हणून तीस वर्षे काढली आणि त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे तंबाखूच्या चिमटीने काढली, तेव्हा हा आजार का झाला हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभराने रेडिएशन सुरू झाले, ज्याला बाहेरच्या बाकावर बसलेले बहुतेक जण नुसते ‘लाईट’ म्हणत, तेव्हा काटा ६४.५ दाखवत होता. सोमवार ते शुक्रवार असे सहा आठवडे, एकूण ३० वेळा, आणि सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाचे सलाईन असा बेत ठरला होता. सुटलेले पोट आपोआप कमी झाल्याचे मला तेव्हा थोडे समाधानच वाटले होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

पहिल्याच भेटीत आहारतज्ज्ञ बाईंनी हिशेब मांडून दिला. दिवसाला साधारण १९०० कॅलरी आणि ८० ग्रॅमच्या आसपास प्रथिने पोटात गेली पाहिजेत आणि दर सोमवारी वजन करायचे. “काका, उपचार संपेपर्यंत वजन कमी करायचे नाही, मधुमेह नाही तर साखर-तूपही बंद करायचे नाही,” असे त्यांनी बजावले. इकडे घरी येणारे पाहुणे नेमके उलटे सांगत. साखरेने गाठ वाढते, दूध बंद करा, गव्हांकुराचा रस घ्या, आठवड्यातून एक दिवस लंघन करा. प्रत्येकाच्या ओळखीत असा एक माणूस होता जो निव्वळ रसावर बरा झाला होता, मात्र तो माणूस कोथरूडला कधीच भेटायला येत नसे.

पहिले दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटले, लाळ दोऱ्यासारखी चिकट झाली आणि चव गेली ती अशी, की वरणभात ओल्या पुठ्ठ्यासारखा लागू लागला. पाण्याचा घोटही काचेच्या चुऱ्यासारखा उतरत असे. मीठ-सोड्याच्या गुळण्या आणि जेवणाआधी लावायचे बधिर करणारे जेल यांच्या आधाराने मी जेमतेम पेज गिळत होतो. दिवसभरात चार वाट्या पेज घेतली की आपण पुष्कळ खाल्ले असे वाटायचे. एका संध्याकाळी सवयीने कागदावर बेरीज मांडली तेव्हा ती ६०० कॅलरींच्याही पुढे जाईना, कारण पेज म्हणजे मुख्यतः पाणी. प्रथिनांचा रकाना तर जवळजवळ कोराच होता.

त्याच सुमारास अन्न देण्यासाठी नाकातून पोटात नळी घालण्याचा विषय निघाला आणि मी हट्टाने नकार दिला. माझ्या मनात नळी म्हणजे शेवटची अवस्था. माझ्या मामांना नळी लावलेली मी पाहिली होती आणि त्यानंतर ते फार दिवस राहिले नव्हते. वजन घसरले की नळी लागणार हे कळल्यावर मी सोमवारी काट्यावर चढताना खिशात मोबाइल, किल्ल्यांचा जुडगा आणि चिल्लरची पिशवी ठेवू लागलो, पायांतल्या जाड चपलाही काढीनासा झालो. सगळे मिळून किलोभर सहज भरत असे. आयुष्यभर एका रुपयाची तफावत सापडेपर्यंत काउंटर न सोडणारा माणूस स्वतःच्याच खात्यात खोटी नोंद करत होता.

ही लबाडी पकडली ती मुखवट्याने. रेडिएशनच्या वेळी मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर बेतून तयार केलेला जाळीदार मुखवटा टेबलाला घट्ट बसवतात. सुरुवातीला त्याच्या जाळीचे वळ गालावर उठत असत. चौथ्या आठवड्यात तंत्रज्ञ मुलाने जबड्याखाली बोट घालून पाहिले तर ते सहज आत गेले. चेहरा आणि मान आटली की मुखवट्यात डोके हलते आणि किरण मिलिमीटरांच्या हिशेबाने जिथे पडायला हवेत तिथे पडतीलच याची खात्री राहत नाही. नवा मुखवटा, नवा सीटी स्कॅन आणि नवे नियोजन यांत दोन दिवस उपचार थांबले. या आजारात मध्ये पडलेला खंड परवडत नाही, कारण उरलेल्या पेशींना तेवढी उसंत मिळते, हे डॉक्टरांनी शांतपणे सांगितले. पाणी कमी पडल्याने रक्तातले क्रिएटिनिन वाढले होते, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आला होता, म्हणून त्या आठवड्याचे सिस्प्लॅटिनही रद्द झाले. खिसे रिकामे करून, अनवाणी काट्यावर उभा राहिलो तेव्हा आकडा आला ५९.२. सौभाग्यवती काहीच बोलली नाही. तिने माझ्या हातातल्या किल्ल्या घेऊन स्वतःच्या पर्समध्ये टाकल्या.

त्याच दुपारी नळी घातली. घालतानाची दोन मिनिटे वाईट असतात, पुढचे दोन दिवस घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, आणि मग सवय होते. सकाळी ७ ते रात्री ९ पर्यंत दर दोन तासांनी २५० मिली, म्हणजे दिवसाला दोन लिटर. दूध, दूधभुकटी, नाचणीचे सत्त्व, मुगाचे कढण, तेल आणि आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेली प्रथिनांची पावडर यांचे मिश्रण सौभाग्यवती मलमलच्या फडक्यातून गाळून घेई, कारण एक कण राहिला तरी नळी तुंबते. प्रत्येक वेळी आधी नाकाजवळची खूण जागेवर आहे ना हे पाहायचे, ताठ बसून सिरिंजमधून हळूहळू सोडायचे, मागून कोमट पाणी द्यायचे आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही. पहिल्याच आठवड्यात चक्कर थांबली आणि जिना चढताना कठडा धरावा लागेनासा झाला. मामा नळीमुळे गेले नव्हते, नळी त्यांना फार उशिरा लागली होती, हे मला तेव्हा उमगले.

पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या तेव्हा माझ्या रेडिएशनचे शेवटचे काही दिवस उरले होते. रस्ते बंद, म्हणून रिक्षा लांबून फिरवून नेली. ठिकठिकाणी वारकऱ्यांना केळी आणि खिचडी वाटली जात होती, आणि एका मुलाने रिक्षात हात घालून केळे माझ्या हातावर ठेवले. ते सायंकाळी कुस्करून, दुधात घालून, गाळून नळीतून गेले.

नळी एकूण सात आठवडे राहिली. या काळात तोंडाने काहीच घ्यायचे नाही असा माझा समज होता, तोही चूक निघाला. गिळण्याचे स्नायू न वापरल्यास आखडतात, म्हणून स्पीच थेरपिस्ट रोज चमचा-चमचा पाणी गिळायला लावत. तोंड उघडण्यासाठी आइस्क्रीमच्या चपट्या काड्यांची चळत दातांत धरायची आणि जमेल तशी एकेक काडी वाढवायची; मी अकरावरून सतरावर आलो.

आता उपचार संपून आठ महिने झाले. गोड चव आधी परतली, आंबट नंतर, तिखटाचे नाव अजून काढता येत नाही. लाळ कमी असल्यामुळे पाण्याची बाटली कायम जवळ लागते आणि पोळी आमटीत पूर्ण भिजवल्याशिवाय उतरत नाही. मेतकूट घातलेला गुरगुट्या भात, वर दोन मोठे चमचे तूप, हे रात्रीचे जेवण. काल काटा ६२.४ दाखवत होता, लेंगा आणि बनियनवर.