पौर्णिमा नको, अष्टमी चालेल

आई-बाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाचं जेवण बेटावरच्या त्या रेस्टॉरंटमध्ये करायचं हे दादाने ठरवलं, आणि ते घडवून आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. बेट किनाऱ्यापासून बोटीने पाऊण तासावर. तिथे गाव नाही, रस्ता नाही. पाण्याला लागून एक लाकडी डेक, मागे स्वयंपाकघर, काम करणाऱ्यांच्या खोल्या आणि एक धक्का, एवढंच. मी मेन्यू मागवला, तर तिकडून प्रश्नच आले. माणसं किती? पायऱ्या चढायला कोणाला त्रास होतो का? कशाची अ‍ॅलर्जी? परतीची बोट किती वाजता सुटायला हवी? तारीख मात्र कोणीच विचारली नव्हती. मी फोन केला तेव्हा मॅनेजरबाई म्हणाल्या, "तारीख आपण भरती बघून ठरवू."

आमची तारीख तर चाळीस वर्षांपूर्वीच ठरलेली. त्यात यंदा त्या दिवशी पौर्णिमा येत होती, त्यामुळे दादाची स्वारी भलतीच खूश. पाण्यावर चंद्र, पुढ्यात आई-बाबा. त्याचे फोटो मनातल्या मनात काढूनही झाले होते. मी बाईंना हे सांगितलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "पौर्णिमेला संध्याकाळी आमच्या धक्क्याला पाणीच नसतं हो."

त्या रात्री मी भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडून बसले. बहुतेक देशांचा जलालेखन विभाग ते वर्षभरासाठी आगाऊ काढतो. शाळेत शिकलेलं थोडं आठवलं, बाकीचं नव्याने कळलं. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीनंतर दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. हे ऐकून माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की एका ठिकाणी उधाणाची भरती दर वेळी घड्याळाच्या जवळपास त्याच तासाला येते. या बेटावर ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास. म्हणजे पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी पूर्ण ओहोटी, आणि चढउतार ३.६ मीटरचा. धक्क्यापर्यंतची शेवटची वाट वाळूची. बोट बाहेरच थांबणार आणि आई नवी साडी गुडघ्यापर्यंत खोचून चिखलातून चालणार.

आता तारीख बरोबर एक आठवडा अलीकडे घ्या. रोजची ५० मिनिटं साताने गुणली की जवळपास सहा तास होतात, म्हणजे चित्र उलटं. शुक्ल अष्टमीला भरती संध्याकाळी सहाच्या आसपास, चढउतार फक्त १.८ मीटर. जेवून उठेपर्यंत पाणी फार खाली जाणारच नाही. हे गणित त्या बेटाचं, दुसरीकडे जसंच्या तसं चालणार नाही. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी चढउतार अर्धा मीटरही नसतो, तिथे हा विषयच निघत नाही. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात तो १६ मीटरपर्यंत जातो. मेक्सिकोच्या आखाताच्या काही किनाऱ्यांवर तर दिवसातून एकच भरती येते. आणि घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढे करणाऱ्या देशात असाल तर तक्त्यातली वेळ कुठली ते आधी बघा. काही तक्ते वर्षभर प्रमाणवेळच छापतात.

दादाला पटवणं याहून अवघड गेलं. तो म्हणाला, "अष्टमीला अर्धाच चंद्र असतो." मी म्हटलं, "अर्धा चंद्र आणि अख्खी बोट." शिवाय शुक्ल अष्टमीचा चंद्र मावळतीच्या वेळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीपर्यंत टिकतो, त्यामुळे परतीच्या बोटीतही उजेड मिळणार. एक आठवडा पुढे गेलो असतो तर कृष्ण अष्टमी; भरतीची वेळ तीच, पण चंद्र उगवणार मध्यरात्री. हे ऐकल्यावर तो गप्प बसला. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणजे एक आठवडा इकडेतिकडे चालतो."

आईच्या गुडघ्यांसाठी मी धक्क्याचा फोटो मागितला, तोही ओहोटीच्या वेळचा. अशा जागांचे जाहिरातीतले फोटो हटकून भरतीत काढलेले असतात. पाणी डेकला लागलेलं, सगळं निळंशार. ओहोटीत तोच धक्का वेगळा दिसतो. तिथे तरंगता धक्का होता आणि त्याला किनाऱ्याशी जोडणारा रॅम्प. भरतीत रॅम्प जवळजवळ सपाट, ओहोटीत चांगलाच उतरता. पायऱ्यांचा धक्का असता तर खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, हे वेगळंच. बोटवाल्यांचा एक ठोकताळा बाईंनी सांगितला: सहा तासांत पाणी सारखं उतरत नाही. पहिल्या तासाला बारावा भाग, दुसऱ्याला दोन, मग तीन, तीन, दोन, एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं. आमच्या अष्टमीला भरतीनंतर पावणेतीन तासांनी निघालो तरी पाणी जेमतेम पाऊण-एक मीटर उतरलेलं असणार. पौर्णिमेला तेवढ्याच वेळात त्याच्या दुप्पट उतरलं असतं. परतीची वेळ पावणेनऊ अशी पक्की झाली, आणि तिथून उलटं मोजत बाकी सगळं ठरलं: साडेआठला केक संपलेला हवा, पावणेसातला पहिली डिश टेबलावर, सव्वासहाला सगळे बसलेले. म्हणून भाषणांना मी दोन मिनिटांची मर्यादा घातली. काकांना ती अपमानास्पद वाटली, पण मला वाटतं कुठल्याही समारंभात ती असावी.

जायची वेळ वाऱ्याने ठरवली. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून किनाऱ्याकडे वारा सुटतो, तिसऱ्या प्रहरी जोरात असतो आणि सूर्य कलल्यावर पडतो. आम्हाला नेमकं तेव्हाच निघायचं होतं. त्यावर कॅप्टनने सांगितलं की काळजी वाऱ्याच्या जोरापेक्षा वारा आणि प्रवाह आमनेसामने येण्याची करावी. तेव्हा लाटा उभ्या आणि तोकड्या होतात आणि बोट आपटते. आम्ही निघू तेव्हा पाणी चढत असणार आणि वाराही त्याच दिशेने, म्हणून लाटा लांबट राहतील. परत येताना पाणी बाहेर जाणार, पण तोवर वारा पडलेला. त्यांची मर्यादा वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मोजपट्टीवर ४, म्हणजे ११ ते १६ नॉट. ५ आला की बोट सुटत नाही. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. वहिनीला बोट लागते, तर गोळी निघण्याआधी घ्यायची, उलटी आल्यावर नाही, आणि बसायचं मध्ये किंवा मागच्या बाजूला, नजर क्षितिजावर ठेवून.

करारात मी एकाच वाक्यावर अडून बसले: हवामान खराब आहे हे कोण ठरवणार, आणि कधीपर्यंत? आधीच्या मसुद्यात नुसतं "खराब हवामानात रक्कम परत मिळणार नाही" होतं. आकाश निरभ्र असतानाही समुद्र खवळलेला असू शकतो आणि भुरभुर पावसात तो शांत असतो. मग खराब म्हणजे काय? शेवटी असं लिहून घेतलं की निर्णय कॅप्टनचा, वेळ त्या दिवशी सकाळी दहा, आणि त्याने नाही म्हटलं तर आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला वळती. पुढची तारीखही लगेच बघून ठेवली: पुढची शुक्ल अष्टमी.

मेन्यू सगळ्यात शेवटी आला, आणि त्यात "आजचा मासा" असंच लिहिलं होतं. मला ते आवडलं. कोणता मासा मिळेल हे आदल्या आठवड्यात छातीठोकपणे सांगणाऱ्या बेटावर तो फ्रीझरमधून येत असणार. मी एवढंच विचारलं की बर्फ आणि वीज कशी असते. ट्यूना, बांगडा यांसारखे मासे पकडल्यावर उबेत राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. उष्ण समुद्रातल्या प्रवाळांभोवतीच्या मोठ्या शिकारी माशांत, बॅराकुडासारख्या, सिग्वाटेराचं विष असू शकतं. त्याला ना वास ना चव, आणि तेही शिजवल्याने जात नाही. बाईंनी दोन्ही प्रश्नांना सरळ उत्तरं दिली: बर्फ बोटीवरच असतो, जनरेटर दोन आहेत, आणि प्रवाळावरचे मोठे मासे ते घेतच नाहीत.

खरी धास्ती माझ्या भाच्याची होती. त्याला कोळंबी-खेकडा चालत नाही. ज्या प्रथिनामुळे बहुतेकांना हा त्रास होतो ते उष्णतेला दाद देत नाही, म्हणून कोळंबी तळलेल्या तेलात तळलेला बटाटाही त्याला धोक्याचा. "आम्ही कोळंबी घालणार नाही" एवढ्यावर मी थांबले नाही. वेगळी कढई, वेगळं तेल, चिरायला वेगळी पाटी आणि त्याचं ताट कोण वाढणार त्या माणसाचं नाव घेतलं. तिथून जवळचं हॉस्पिटल पाऊण तास बोटीने आणि पुढे गाडीने. तीव्र अ‍ॅलर्जीवर लगेच द्यायची एपिनेफ्रिनची दोन इंजेक्शनं वहिनीने पर्समध्ये ठेवली. आत्या मासे खात नाही, तर सूपचा स्टॉक कशाचा हेही विचारून घेतलं. बाकी सगळे पडेल ते खाणारे.

सजावटीचं थोडक्यात उरकलं. फुगे आणि कागदी चुरा त्यांनी साफ नाकारला. वाऱ्याने तो पाण्यात जातो आणि समुद्री कासवं तो खातात. किनाऱ्याच्या बाजूला पांढरे दिवेही नाहीत, कारण अंड्यातून निघालेली पिल्लं पाण्याऐवजी उजेडाकडे चालू लागतात. पिवळसर मंद दिवे, काचेत मेणबत्त्या. उघड्या मेणबत्त्या तशाही विझल्याच असत्या. केकवर बटरक्रीम नको, असा आग्रह माझा. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि बोटीत छप्पर असलं तरी फ्रिज नसतो. साधा कोरडा केक नेला, खोका मांडीवर न घेता बोटीच्या तळाशी सपाट ठेवून. उंच टाचांच्या चपला घालू नका, असं मी सगळ्यांना लिहिलं होतं. एका चुलत बहिणीने तरी घातल्या आणि डेकच्या फटीत टाच अडकवून घेतली.

त्या दिवशी कॅप्टनचा सकाळी दहाला होकार आला. बोट किंचित उशिरा सुटली, रॅम्प सपाट होता, आई कोणाचा हात न धरता वर चढली. मासा आला तो उत्तम होता. काकांनी दोन मिनिटांत भाषण संपवलं आणि मग बसल्याबसल्या आणखी पाच मिनिटं बोलले. आठ वाजून वीस मिनिटांनी बाईंनी मला खूण केली, मी केक मागवला. बिल कार्डावर गेलं नाही, नेटवर्क नव्हतं. ते आधीच सांगितलेलं असल्याने रोख रक्कम पाकिटात मोजून ठेवलेली होती. पावणेनऊला बोट सुटली तेव्हा दादा मॅनेजरबाईंना विचारत होता की पौर्णिमेला दुपारचं जेवण करतात का. करतात म्हणे. बाराच्या सुमारास पाणी डेकला लागलेलं असतं.