राजाबाई टॉवरचा फोटो आणि ३८ हजारांचा मेल

दर रविवारी सकाळी मी फोर्टात हेरिटेज वॉक घेते. ओव्हल मैदानापासून निघून हायकोर्ट, विद्यापीठ करत काळा घोड्यापर्यंत. माणशी ३०० रुपये. वेबसाइट भाच्याने करून दिलेली, आणि तिच्यावरचा राजाबाई टॉवरचा फोटो त्याने गूगलवरून उचललेला. दोन वर्षं कुणी काही बोललं नाही.

मग एका एजन्सीचा मेल आला. फोटोग्राफरच्या परवानगीशिवाय फोटो वापरला म्हणून भरा ३८ हजार रुपये, सात दिवसांत. सोबत पीडीएफ. त्यात माझ्या पानाचा स्क्रीनशॉट, फोटोभोवती लाल चौकट, आणि खाली माझाच मोबाइल नंबर. तो नंबर बघून पोटात गोळा आला.

भाचा म्हणाला, ‘‘मावशी, फ्रॉड असणार, डिलीट कर.’’ मी साइटवरून फोटो काढून टाकला आणि सॉरीचा लांबलचक मेल लिहायला बसले. नशीब, पाठवायच्या आधी खालच्या मजल्यावरच्या वकील काकांना दाखवला. ते म्हणाले, ‘‘अगं, हा तर कबुलीजबाब झाला!’’

टॉवर सगळ्या मुंबईला दिसतो, मग फोटो कुणाचा कसा, असं माझं म्हणणं. काका म्हणाले, १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे, इमारतीचा फोटो कुणीही काढू शकतो. पण हा फोटो ज्याने काढला त्याचा. नोंदणी केलेली नसली तरी त्याचाच, तो हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं. ‘मला माहीत नव्हतं’ हेही चालण्यासारखं नव्हतं. फोटोवर कुणाचा हक्क असेल असं वाटायला काही कारणच नव्हतं, हे मी सिद्ध करायचं, आणि गूगलवरून उचललेल्या फोटोबद्दल ते कोण मानणार? शिवाय फोटोग्राफर बंगळूरचा. कलम ६२ प्रमाणे तो आपल्या गावच्या कोर्टात दावा लावू शकतो. तारखांना बंगळूरला जायचं, या विचारानेच मी गार.

काकांनी उत्तर सहा ओळींत बसवलं. फोटो काढून टाकला आहे. मूळ फाइल दाखवा, फोटोग्राफरने तुम्हाला दिलेलं अधिकारपत्र पाठवा, ३८ हजारांचा हिशेब सांगा. माफी नाही, भांडण नाही. रकमेबद्दलही चकार शब्द नाही.

नऊ दिवसांनी अधिकारपत्र आलं, फाइलही आली. हिशेब मात्र आला नाही. तोवर भाच्याने तो फोटोच सर्चमध्ये टाकून नेटवर आणखी कुठे आहे ते शोधलं. फोटो विकणाऱ्या एका स्टॉक साइटवर तोच फोटो, वेबसाइटवर वापरायचे २,२०० रुपये. ते पान आम्ही मेलला जोडलं आणि पाच हजार देऊ केले. त्यांनी २५ हजार म्हटलं. मग आठवडाभर मासळीबाजार. शेवटी साडेसात हजारांवर तुटलं. मला तेही जास्तच वाटतात, पण फोटो आमचा नव्हता हे खरं.

पैसे मेलमधल्या लिंकवर भरू नकोस, आधी सहीचा कागद माग, असं काकांनी बजावलं होतं. कागदात ‘या फोटोच्या आजवरच्या वापराबद्दल यापुढे कोणताही दावा नाही’ हे वाक्य होतं. काकांनी त्यात दोन शब्द घालून घेतले: ‘छापील वापरासह’. कारण तोच फोटो माझ्या पत्रकांवरही होता, आणि हे मला कागद हातात आल्यावर आठवलं.

मागचं मिटलं, पण पुढे ती पत्रकं वाटता येणार नव्हती. माळ्यावरचे उरलेले गठ्ठे रद्दीवाल्याला दिले. साडेतीन किलो भरले.