पेठेतला वाडा कसा पडतो

पुण्यातले पेठांमधले वाडे वयानं पडले, असं म्हणायची पद्धत आहे. जुन्या सागवानाला वय बाधत नाही, पाणी बाधतं. तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, खांब, वर हस्त (खांबाच्या माथ्यावरचा आडवा आधार), त्यावर तुळई हे मोठं आडवं लाकूड, तुळईवर कड्या, म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर फळ्यांचे पाट आणि शेवटी मातीचा थर. हा सांगाडा कोरडा राहिला तर दीडदोनशे वर्षं सहज काढतो.

कुजायला सुरुवात होते ती भिंतीत शिरलेल्या कडीच्या टोकाला. बाहेरून लाकूड ठणठणीत दिसतं, आत भुगा. टोच्यानं टोचून पाहिल्याशिवाय कळत नाही. कारणं ठरलेली: कौलं सरकलेली, पन्हळ फुटलेली, वरच्या मजल्यावर नंतर काढलेली मोरी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. ओल बाहेर पडायची वाटच बंद होते, भिंत आतून सुटते आणि गिलावा मात्र शाबूत! चुन्याचा गिलावा पडतो, पण भिंत वाचवतो.

दरवर्षी पावसाळ्याआधी शाकारणी, म्हणजे कौलं नीट लावून घेणं, झाली असती तर यातलं बरंच टळलं असतं. पण १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. वाड्याच्या सगळ्या बिऱ्हाडांचं भाडं एका शाकारणीलाही पुरेना. वर्षाला ४ टक्के वाढीची सोय २०००मध्ये लागू झालेल्या कायद्यानं केली, तोवर मालकांच्या वारसांची यादी भाडेकरूंपेक्षा लांब झाली होती. नदीकाठच्या पेठांत तर १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुरानं निकालच लावला. मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या.

आता पाडायचं ठरलंच असेल, तर आधी शेजारची सामाईक भिंत पाहा. दोन वाडे एकमेकांच्या आधारानं उभे असतात. एक काढला की दुसऱ्याची भिंत उघडी पडते. टेकू आधी, घण नंतर. तळघराचा खड्डा पावसाळ्यात खणू नका. शनिवारवाड्याकडे येणाऱ्या कात्रजच्या नहरीच्या, म्हणजे पेशवेकालीन भूमिगत पाणीवाटेच्या, मार्गावर प्लॉट असेल तर खोदाईत जुना नळ लागू शकतो. तो राडारोडा टाकून बुजवला तर पाणी दुसरीकडून, बहुधा पार्किंगमध्येच, वर येतं. वाड्याच्या आतल्या चौकातल्या आडाचंही तेच.

भाडेकरूंनी आपल्या खोल्यांचं मोजमाप पाडकामाआधी लेखी करून घ्यावं. नंतर भिंतच नसते, मग मोजणार काय?

लाकडाचा सौदा ठोक करू नये. पाडकाम करणारा ‘सगळं मिळून’ रक्कम सांगतो, त्यात त्याचाच फायदा. तुळया, खांब, कड्या वेगवेगळ्या मोजून घनफुटावर भाव ठरवावा. सुरूदार (सुरूच्या झाडासारखे घडवलेले) खांब आणि महिरपी फर्निचरवाले वेगळ्या भावानं उचलतात. खांब पुन्हा उभे करायचे असतील तर उतरवण्याआधी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना रंगानं एकच आकडा घालावा आणि तळखडेही सोबत न्यावेत. ते सहसा राडारोड्यात जातात.